द्वितीय क्रमांक विभागून

हेमचंद्र सबनिसांच्या बदलीच्या कागदावर दोन सह्या हव्या होत्या आणि सह्या करणारी दोन्ही माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण ऑफिसच्या कामावरून असतं तर हेमचंद्रांनी ते मिटवलंही असतं. भांडण कॉलेज फुटबॉलवरून होतं.

डायरेक्टर वॉल्टर आणि फायनान्सची प्रमुख लॉरा दोघंही अमेरिकन, शेजारशेजारच्या राज्यांतले. त्यांच्याकडे कॉलेजची पोरं हेल्मेटं घालून एकमेकांवर धडकतात, ते बघायला अख्खं गाव लोटतं आणि पोरांना धडकायला शिकवणाऱ्या हेड कोचला लोक ग्रामदैवताच्या जागी मानतात, एवढं ज्ञान हेमचंद्रांना दुबईतल्या त्या एसी डक्टच्या कंपनीत बरीच वर्षं काढल्यावर झालं होतं. ऑगस्टअखेर तिकडचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर लंचच्या टेबलावर वॉल्टर म्हणाला, "देशातला सर्वांत थोर कोच आमचा बड टिबेट्स." लॉरा म्हणाली, "आमच्या हँक मलोनीच्या शिट्टीची दोरी धरायची लायकी नाही त्याची." त्या दिवसापासून वॉल्टरची सही असलेल्या कागदाला लॉरा हात लावीना आणि लॉराच्या कागदाकडे वॉल्टर बघेना. कंपनीच्या डक्टांतून हवा तेवढी पुढे सरकत होती.

इकडे हेमचंद्रांचा जीव टांगणीला लागला होता. शारजात घर, दुबईत ऑफिस. दोन्हींच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये त्यांनी आयुष्याचा इतका भाग काढला होता की शेजारच्या लेनमधल्या काही जणांच्या मुलांची लग्नं झालेली त्यांना ठाऊक होती. अबू धाबीच्या शाखेत एक जागा निघाली होती. त्यांच्या पत्नी शोभनाताईंनी तर तिथल्या अल रीम आयलंडवरच्या एका फ्लॅटचे फोटो 'सी व्ह्यू' असं लिहून माहेरच्या ग्रुपवर टाकलेही होते. त्याला मामींचा अंगठासुद्धा आला होता. आता माघार नव्हती.

आणि मग एका सकाळी दोघांनी मिळून, पण एकमेकांकडे न बघता, हेमचंद्रांना केबिनमध्ये बोलावलं.

"हेम, तुला कॉलेज फुटबॉलमधलं काय कळतं?" वॉल्टरनं विचारलं.

"काहीच नाही, सर."

"एक्सलंट," लॉरा म्हणाली. "म्हणजे तू न्यूट्रल आहेस. गुरुवारच्या मीटिंगमध्ये तू देशातल्या टॉप टेन हेड कोचेसचं रँकिंग द्यायचं. तुझा शब्द फायनल."

"तो विषय संपला," वॉल्टर म्हणाला, "की तुंबलेले सगळे कागद क्लिअर. तुझासुद्धा."

हेमचंद्रांनी घरी येऊन सगळं सांगितलं. कॉलेजात शिकणाऱ्या आभानं मोबाइलमधून डोकं वर न काढता सल्ला दिला, "बाबा, जस्ट चेक देअर विन्स अँड लॉसेस."

"जिंकतात-हरतात ती पोरं, गं. कोच नुसता कडेला उभा असतो."

शोभनाताई भाजी परतत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कोण चांगला ते कशाला शोधताय? कुणाला दिल्यावर भांडण होणार नाही ते शोधा. मोदक विसरलात वाटतं?"

मोदक विसरणं शक्यच नव्हतं. मराठी मंडळाच्या उकडीच्या मोदक स्पर्धेचे परीक्षक म्हणून पहिल्या वर्षी हेमचंद्रांनी सगळे मोदक प्रामाणिकपणे चाखले आणि ज्याची चव उत्तम त्याला पहिला नंबर दिला. परिणामी मंडळात उभी फूट पडली आणि पुढच्या वर्षी एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत दोन गणपती बसले. तेव्हा शोभनाताईंनी एक तोडगा काढला. पहिला नंबर अशा बाईला द्यायचा जी लवकरच गाव सोडून चालली आहे. जाणाऱ्या माणसाचा हेवा कुणी करत नाही. खऱ्या दोन प्रतिस्पर्धी बायकांना द्वितीय क्रमांक, विभागून. बाकी सगळ्यांना उत्तेजनार्थ. तेव्हापासून मंडळात कमालीची शांतता होती आणि मोदक दरवर्षी अधिकाधिक बिघडत चालले होते. शोभनाताई स्वतः परीक्षकाची बायको असल्यामुळे कायम उत्तेजनार्थ. त्या बक्षिसांचे स्टीलचे डबे त्यांच्या फडताळात एकात एक घालून ठेवले होते.

हेमचंद्र कामाला लागले. मंडळाच्या वेशभूषा स्पर्धेचा गुणतक्ता त्यांच्या लॅपटॉपवर होताच. त्यांनी मथळा तेवढा बदलला आणि रात्री जेवण झाल्यावर एकेका कोचचे व्हिडिओ बघत वेशभूषा, उच्चार, सभाधीटपणा आणि वेळेचं भान अशा चार रकान्यांत गुण भरायला सुरुवात केली. टिबेट्स तोंडात च्युइंगम ठेवून बोलायचा, त्याचे उच्चारात गुण गेले. मलोनी मैदानावर थुंकला, त्याचे वेशभूषेत कापले. थुंकण्यासाठी वेगळा रकाना नव्हता. सभाधीटपणात मात्र सगळ्यांनाच पैकीच्या पैकी, कारण सगळेच पंचाच्या अंगावर धावून जात होते.

दरम्यान ऑफिसात बातमी फुटली. खेळ कुणालाच कळत नव्हता, पण डायरेक्टर कुणाच्या बाजूनं आहे ते सगळ्यांना कळत होतं. लाल टोप्यांचा एक पक्ष झाला, निळ्या टोप्यांचा दुसरा. सेल्सचा यहया, मूळचा बैरूतचा, हेमचंद्रांच्या टेबलावर येऊन बसला. "हबीबी, पहिला कोण येतोय एवढं सांग. मी त्या रंगाची टोपी मागवतो."

"अजून ठरलं नाही."

"ठरलं की सांग. यल्ला, लवकर कर, डिलिव्हरीला दोन दिवस लागतात."

ऑफिसचा ड्रायव्हर रफिक तर खिशात दोन्ही टोप्या ठेवून हिंडत होता. "साब, अपने को बताना, किसकी तरफ रहना है."

वॉल्टरनं एका संध्याकाळी "चल, तुला घरी सोडतो" म्हणून हेमचंद्रांना स्वतःच्या गाडीत घातलं. वाटेत टिबेट्सची थोरवी सांगायचा त्याचा बेत होता. दुबईच्या हद्दीपर्यंत टिबेट्सचं बालपण संपलं. मग शारजाच्या वेशीवरच्या पुलाखाली गाडी अडकली. त्याची सगळी कारकीर्द, त्याचे दोन घटस्फोट आणि गुडघ्याचं ऑपरेशनही होऊन गेलं, आणि गाडी अजून त्याच पुलाखाली होती.

"हेम," वॉल्टर खोल आवाजात म्हणाला, "तू हे रोज करतोस?"

"दोनदा, सर."

दुसऱ्या दिवशी लॉरानं स्वतः भाजलेल्या कुकीज दिल्या. "फॉर युवर वाइफ," ती म्हणाली. डब्याच्या झाकणावर मलोनीचा फोटो चिकटवलेला होता.

गुरुवार आला. कॉन्फरन्स रूममध्ये टोप्याच टोप्या. हेमचंद्र उठले आणि त्यांनी परीक्षकांचं मनोगत सुरू केलं. मंडळातला त्यांचा अनुभव असा होता की मनोगत पुरेसं लांबलं की निकाल काहीही लागला तरी लोकांना तो सुटकेसारखा वाटतो. स्पर्धा चुरशीची झाली, खरं तर सगळेच पहिले आहेत, नंबर हे निमित्त असतं, भाग घेणं महत्त्वाचं, असं ते इंग्रजीतून बराच वेळ बोलले. यहयाचा डोळा लागला. मग त्यांनी तळापासून सुरुवात केली. सात जणांना उत्तेजनार्थ. लॉरानं कपाळाला आठ्या घातल्या.

"द्वितीय क्रमांक," हेमचंद्र म्हणाले, "विभागून. मिस्टर टिबेट्स आणि मिस्टर मलोनी."

लाल आणि निळ्या टोप्या एकदम वर झाल्या.

"आणि प्रथम क्रमांक, एल्मर डकहॅम."

हा डकहॅम हेमचंद्रांनी फार मेहनतीनं हुडकला होता. माणसांपेक्षा गहू जास्त असलेल्या कुठल्याशा भागातलं एक लहानसं कॉलेज. ऑफिसमध्ये त्याचं नाव घेणारा एकही जण नव्हता, म्हणजे हेवा करणाराही नव्हता. शिवाय तो याच महिन्यात नोकरी सोडून चालला होता. मोदकाच्या नियमात तंतोतंत बसत होता.

"एल्मर कोण?" वॉल्टरनं विचारलं.

लॉरानं फोनवर शोधलं आणि ती ताडकन उठली. "त्याची टीम गेल्या वर्षी एकही मॅच जिंकली नाही! त्याला काढून टाकलंय!"

"पण वेळेचं भान अप्रतिम, मॅडम. त्यांनी एकदाही टाइमआउट घेऊन खेळ थांबवला नाही."

"अरे, तो घ्यायचा विसरला असेल!" वॉल्टर ओरडला. मग तो लॉराकडे वळला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. "लॉरा, तुझा मलोनी पहिला आला असता तर मी गिळला असता. पण हा?"

"मीसुद्धा टिबेट्सला पहिला मानलं असतं, वॉल्टर. देवाशपथ."

"धिस मॅन," वॉल्टर हेमचंद्रांकडे बोट दाखवून म्हणाला, "कॅनॉट स्टे इन धिस बिल्डिंग."

"नॉट वन मोअर वीक," लॉरा म्हणाली.

दोघं एकाच केबिनमध्ये गेले. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. रफिकनं दोन्ही टोप्या एकावर एक घातल्या. संध्याकाळच्या आत बदलीचा कागद हेमचंद्रांच्या टेबलावर आला, सह्या शेजारशेजारी, एकाच पेनाच्या. फक्त 'अबू धाबी' खोडून वर 'अल ऐन' लिहिलं होतं. तेवढा भाग मात्र वॉल्टरनं प्रेमानं समजावला. "अबू धाबीत आमचे बरेच अमेरिकन आहेत, हेम. अल ऐनला एकही नाही. आणि तिथे ट्रॅफिकही नाही."

घरी शोभनाताईंनी फ्लॅटचे फोटो पुन्हा उघडून पाहिले. मग म्हणाल्या, "तिथे समुद्र?"

"समुद्र नाही. डोंगर आहे."

"मग माहेरी काय सांगू?"

"माउंटन व्ह्यू," आभा मोबाइलमधून म्हणाली.

जाण्याआधी गणपती आले. मोदक स्पर्धेला या वेळी नवा परीक्षक होता, मंडळाचा नवा सेक्रेटरी धनंजय. हेमचंद्र प्रथमच प्रेक्षकांत बसले होते. धनंजयनं मनोगत छान लांबवलं, द्वितीय क्रमांक विभागून दिला, आणि म्हणाला, "प्रथम क्रमांक, सौ. शोभना सबनीस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शोभनाताई दचकून उठल्या. इतक्या वर्षांनी! डोळे भरून आले, पदर सावरत त्या स्टेजकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेत एकदम थांबल्या. त्यांना नियम आठवला होता. त्यांनी वळून हेमचंद्रांकडे पाहिलं. हेमचंद्र सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते.

बक्षिसाची समई घेऊन त्या परत आल्या, पण आधी स्पर्धेच्या टेबलाकडे वळल्या. त्यांचं ताट मांडलं होतं तसंच होतं. प्रत्येक मोदकावरची केशराची काडीसुद्धा हललेली नव्हती. ताट घेऊन त्या नवऱ्याशेजारी येऊन बसल्या आणि एक मोदक त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. निकाल लागलाय. आता कुणीतरी चव बघा."

हेमचंद्रांनी मोदक खाल्ला. पातळ पारी, नेमका गूळ, जायफळ बेतशीर. खरोखर पहिल्या नंबरचा होता.

"शोभना, शपथेवर सांगतो," ते म्हणाले, "एक नंबर."

"राहू दे," शोभनाताई म्हणाल्या. "परीक्षकाची बायको आहे मी."