सहा शेळ्यांचा पोळा

आराधनाच्या प्रयोगात चुकीला जागाच नव्हती! निदान पोळ्यासाठी गावी जाताना तिने वॉचमन मोझेसकाकांना तसं ठणकावून सांगितलं होतं.

तिची पीएचडी अंड्याच्या टरफलांवर उभी होती. नागापूरच्या एमआयडीसीतल्या आम्लेटच्या गाड्यांवरून टरफलं आणायची, भाजून त्यांची पूड करायची आणि ती हाडात भरायची. हाड लवकर जुळतं का ते बघायचं. त्यासाठी घोडेगावच्या बाजारातून सहा शेळ्या आणल्या होत्या. एका वयाच्या, एका उंचीच्या, डांबरासारख्या काळ्या. भूल देऊन प्रत्येकीच्या पायाच्या हाडात भोक पाडलं, तेही अगदी बारीक, जिवाला त्रास नको म्हणून. तिघींच्या भोकात पूड, तिघींचं रिकामं. कानातले बिल्ले त्या एकमेकींचे चावून टाकायच्या, म्हणून खूण शिंगांवर रंगाने: पूडवालीला हिरवा पट्टा, रिकामीला लाल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती परतली. गाइड रंगनाथ सर एक्सरे बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर प्रबंध लिहायला घ्यायचा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

तिने गोठ्यात पाऊल टाकलं आणि तिला वाटलं, आपण चुकून कुणाच्या वरातीत शिरलो! शेळ्या न्हाऊन चकचकीत, गळ्यात झगमगत्या माळा, आणि सहाच्या सहा जणींची शिंगं लालभडक!

"मच्छिंद्र! हे काय?"

"पोळा, मॅडम!" शेळ्या सांभाळणारा मच्छिंद्र अभिमानाने म्हणाला. "आमचे बैल गेल्या साली इकले. घरी आता ट्रॅक्टर हाय. त्याला शिंगं न्हाईत. मग हौस कुटं करायची?"

"पोळा बैलांचा असतो!"

"जो राबतो त्याचा. ह्या तर हाडं देऊन राबल्या!"

"माळा माझ्या," मागून आलेले मोझेसकाका म्हणाले. "नाताळच्या उरल्या होत्या. छान दिसतात ना?"

आराधनाने ब्लेड घेऊन एक शिंग खरवडलं. वरचा रंग निघाला की खालचा पट्टा दिसेल! खाली नुसतं पांढरं शिंग.

"खाली काय शोधता? आधी तासून, साळून घेतली ना," मच्छिंद्र दुखावलाच. "शिंगं न साळता हिंगूळ लावला तर लोक हसतील."

"मग ही कोणती होती? हिरवी की लाल?"

"हिरवी."

"लाल!" मोझेसकाका म्हणाले. "ही माझी टोपी खाते. ती लालच."

"टोपी ती पल्याडची खाती, काका!"

"ती चप्पल खाते!"

आराधनाने नोंदवही उघडली. 'हिरवी एक, हिरवी दोन', याच्या पलीकडे अक्षर नाही. तेवढ्यात कोपऱ्यातलं ताट दिसलं.

"यांना काय खायला घातलं?"

"पुरनपोळी. निवद नको व्हय?"

मोजूनमापून दिलेल्या आहाराचं पुरण झालं होतं! आराधना बादली पालथी घालून तिच्यावर बसली. मग तिला एकदम सुचलं: एक्सरे काढू! जिचं हाड भरलं ती पूडवाली, जिचं नाही ती रिकामी. ती उठलीही. आणि पुन्हा बसली. उत्तर आधीच धरून शेळ्या वाटायच्या, तर प्रयोग कशाला केला?

सर आले ते माळ चघळणाऱ्या एका शेळीला वळसा घालून. आराधनाने लपवलं काहीच नाही. शिंगं, साळणं, पुरण, सगळं एका दमात सांगून टाकलं. सरांनी सगळे एक्सरे काढायला लावले, आणि पडद्यावर ओळीने लावून बराच वेळ पाहिले.

सहाही हाडं भरलेली. सारखी. गुळगुळीत.

"शिंगांचं जाऊ दे," सर म्हणाले. "रंग जसेच्या तसे असते, तर तू मला काय दाखवणार होतीस?"

आराधनाने पडदा डावीकडून उजवीकडे पाहिला, मग उजवीकडून डावीकडे.

"भोक फार बारीक पाडलंस. एवढं तर काही न भरताही भरून येतं. पुन्हा कर. मोठं पाड."

सर गेले. सकाळपासून मच्छिंद्रला झापण्यासाठी तयार केलेली वाक्यं आराधनाला एकेक करून गिळावी लागली. त्यांनी पोट काही भरलं नाही.

"मच्छिंद्र," ती हळूच म्हणाली, "एखादी पुरणपोळी उरलीय का?"

"न्हाई मॅडम. शेळ्यांनी संपवल्या."