खोचऱ्यांचं घरातलं सदस्यत्व

मिरजेच्या दिगंबर खोचऱ्यांना मोबाइलवरच्या एका खेळातल्या तांबडमाळ वस्तीचं सदस्यत्व मिळालं आणि त्याच क्षणी स्वतःच्या घराचं सदस्यत्व रद्द झालं. एका माणसाला एका वेळी एकाच वस्तीत राहता येतं. हा नियम सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे गल्लीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

खोचऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, वार्निश पाजायचं आणि ते वाळेपर्यंत वाट बघत बसायचं, असा धंदा. त्या बसण्यात ते मोबाइलवर ‘नवा मुलूख’ खेळत. तिथंही ते एकटेच राहत, ओढ्याकाठी झोपडी बांधून, कारण माणसांचा त्यांना भरवसा नव्हता. पण खेळातला ओढा आटला. जवळची विहीर तांबडमाळवाल्यांची, आणि सदस्य नसलेल्याला तिथं घागर भरता येईना. इकडे मिरचीची रोपं माना टाकायला लागलेली. नेमकं तेव्हाच वस्तीचं निमंत्रण आलं. खोचऱ्यांनी ‘स्वीकारा’ दाबलं, मिरचीला पाणी पाजलं, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आले.

घराच्या कुलपात किल्ली फिरेना. त्यांनी बेल वाजवली. मुलीनं, रेवतीनं, दार उघडलं आणि आत वळून हाक मारली, “आई, एक काका आलेत.”

“काका काय गं? बाप आहे मी तुझा!”

“ते आहातच,” रेवती समजुतीनं म्हणाली. बँकेत नोकरीला असल्यामुळे तिला असं बोलायची सवय होती. “पण सदस्य नाही ना आता. चपला बाहेरच राहू द्या.”

शालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “अगंबाई, तुम्ही होय! या ना, बसा. रेवती, पाहुण्यांना पाणी आण.” तीस वर्षं संसार केलेल्या बाईनं आपल्याला कोचाच्या कडेला बसवावं, हे खोचऱ्यांना लागलं. ते तडक स्वयंपाकघरात गेले आणि चिवड्याच्या डब्याचं झाकण धरून ओढलं. झाकण जागचं हललं नाही. त्यांनी डबा काखेत धरून जोर लावला, ओट्यावर आपटला, शेवटी दातही लावले.

“पाहुण्यांना डबे उघडता येत नाहीत,” शालनबाई म्हणाल्या. “तुम्ही बसा बाहेर, मी देते.” त्यांनी झाकण दोन बोटांनी उचललं.

“हे चालायचं नाही,” खोचरे म्हणाले. “मी या घराचा प्रमुख आहे.”

शालनबाई थोडा विचार करून म्हणाल्या, “प्रमुख वस्ती सोडून गेला की प्रमुखपद दुसऱ्याकडं जातं. तसं तर काहीच झालं नाही. जिथल्या तिथं आहे सगळं.”

“मग प्रमुख कोण होतं इतकी वर्षं?”

शालनबाईंनी चिवडा वाटीत काढला आणि वर कोथिंबीर घातली. घरच्यांना कोथिंबीर कधी मिळत नसे.

त्या घरात तिसरा सदस्य होता आनंदा, शालनबाईंचा धाकटा भाऊ. आयटीआय करायला म्हणून आला होता आणि मग खोचऱ्यांच्याच दुकानात तार भरायला लागला. तो गिऱ्हाइकाकडं मोटार पोचवून आला, स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत शिरला, आणि “काय दाजी, बरं आहे न्हवं?” असं म्हणाला. खोचऱ्यांच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. पोटची पोरगी काका म्हणते आणि हा पठ्ठ्या अजून दाजी म्हणतोय! एवढा गोडवा कशाला? शिवाय हा खेळ त्यांच्या मोबाइलवर घालून दिला होता कुणी? आनंदानंच. निमंत्रण कुणी पाठवलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको, असं खोचऱ्यांना वाटलं. रात्री कोचावर अंग मुडपून झोपताना त्यांना आतल्या पंख्याचा आवाज येत होता. तो पंखा त्यांनी स्वतःच्या हातानं रिवाइंड केला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी तांबडमाळच्या प्रमुखांना खेळातूनच फोन लावला. प्रमुख म्हणजे नागपूरच्या लोखंडेबाई. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आणि आवाज अजून वॉर्डातलाच.

“मला निमंत्रण कुणी पाठवलं?”

“आम्हीच. सगळ्यांनाच पाठवतो जी. रोजचे ढीगभर जातात. कोणी दाबत नाही, तुम्ही दाबलं.”

सगळ्यांनाच! चोर असंच बोलणार, खोचरे मनात म्हणाले. “आनंदा नावाच्या माणसानं तुम्हाला सांगितलं होतं का? खरं सांगा.”

बाई आता सावकाश म्हणाल्या, “तुम्ही आल्यापासून वस्तीत कोणाशी एक शब्द बोलले नाही. कोठारापाशी मात्र चार चकरा मारल्या. आता भलत्याच माणसांची नावं काढता. खरं सांगा, तुम्हाला त्या घरानं पाठवलं का आमच्यावर नजर ठेवायला?”

“कुठल्या घरानं?”

“तुमच्याच! जिथं तुम्ही रोज रात्री जाता. माहिती आहे आम्हाला.”

इकडचे म्हणतात तिकडचा, तिकडचे म्हणतात इकडचा. खोचरे वस्ती सोडतो म्हणाले, तेव्हा लोखंडेबाईंनी नीट समजावून सांगितलं. आधी वस्ती सोडली तर माणूस कुठलाच राहत नाही, आणि कुठलाच नसलेला माणूस पाहुणाही होऊ शकत नाही, कारण पाहुणा कुठून तरी आलेला असावा लागतो. अशी माणसं एसटी स्टँडवर बसून असतात. त्यापेक्षा घराला आधी अर्ज करा, घरानं घेतलं की इथलं नाव आपोआप गळेल. “जे काय करायचं ते उघड करा,” बाई म्हणाल्या, “आणि कोठाराकडं फिरकू नका.”

खोचऱ्यांनी घरात अर्ज केला तो तोंडीच, चहा पिताना. एव्हाना त्यांना पाहुणेपणाची थोडी सवय झाली होती. कपबशी हातात घेऊन ते “वा, आलं छान लागतंय” असं म्हणून गेले आणि मग म्हणाले, “मला परत सदस्य करून घ्या.”

“घेऊ की,” शालनबाई म्हणाल्या. “रविवारी सगळे घरी असतात. सगळ्यांनी हात वर केले की झालं. एकाचा जरी नकार आला तरी मात्र घेता येत नाही.”

“एकाचा?”

“सदस्याला सगळे डबे उघडतात ना! मग सगळ्यांना चालायला नको?”

खोचऱ्यांनी आनंदाकडे पाहिलं. आनंदा बशीत चहा ओतून फुंकत होता. हा सगळ्यांत शेवटी हात वर करणार, खोचऱ्यांना स्पष्ट दिसलं. आधी इतरांचे चेहरे बघणार, रेवतीला डोळ्यानं खुणावणार आणि मतदानाचा विचका करणार. “हात वर बिर काही नको,” ते म्हणाले. “मतदान गुप्त पाहिजे.”

“गुप्त कशाला हो? घरातलीच तर माणसं.”

“म्हणूनच.”

शालनबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. “बघा बाई, तुमची इच्छा,” त्या म्हणाल्या.

रविवारी बैठक भरली. होकाराला शेंगदाणा, नकाराला हरभरा. एकेका सदस्यानं आत जायचं आणि झाकणाच्या फटीतून दाणा डब्यात टाकायचा. आनंदा आत गेला तेव्हा खोचरे कान टवकारून बसले होते. दाणा पडल्याचा आवाज आला, पण शेंगदाण्याचा आवाज कसा आणि हरभऱ्याचा कसा, हे त्यांना सांगता येईना. मग रेवतीनं डबा आणला, झाकण काढलं आणि ताटलीत उपडा केला. दोन शेंगदाणे पडले. त्यांच्या मागून हरभरा घरंगळत आला.

“आनंदा!” खोचरे ओरडले.

“आईशप्पथ दाजी, शेंगदाणाच टाकला मी!”

“गोड बोलून गळा कापलास रे माझा. माझ्याच दुकानात माझ्याच हाताखाली शिकलास!”

आनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं रडणं खरं वाटत होतं, आणि ते इतकं खरं वाटतंय म्हणजे त्यानं तयारी केली असणार, असा खोचऱ्यांनी निष्कर्ष काढला. मग त्यांची नजर रेवतीवर गेली. “का तू? तुझं लग्नाचं स्थळ मी परत पाठवलं म्हणून?”

“काका, प्लीज,” रेवती म्हणाली आणि खोलीत निघून गेली. आनंदाही चपला घालून बाहेर पडला. संध्याकाळ व्हायला आली होती. हॉलमध्ये शालनबाई आणि खोचरे एवढेच उरले.

शालनबाईंनी ताटलीतला हरभरा उचलला. “हा माझा,” त्या म्हणाल्या. “पोरांना बोलू नका.”

“तू? हात वर करू म्हणालीस ना?”

“केलाही असता. पोरांसमोर नाही कसं म्हणणार तुम्हाला? गुप्त तुम्हीच मागितलंत. मग म्हटलं, मिळालंच आहे गुप्त, तर जे वाटतं ते टाकावं.”

“पण का? काय केलं मी?”

“काही नाही केलंत.” शालनबाई खाली बघत बोलत होत्या. “पाहुणे म्हणून आल्यापासून माझ्या तोंडाकडं बघून बोलता तुम्ही. परवा आलं छान लागतंय म्हणालात. तीस वर्षं रोज आलं घालतेय मी त्यात. मला भीती वाटली. आत घेतलं की परत डबा उघडणार, खाणार, आणि दुकानातून आल्यावर माझ्यावरसुद्धा डोळा ठेवून बसणार, गल्लीत कुणाशी बोलले म्हणून. पाहुणा असं नाही करत.”

खोचऱ्यांनी शालनबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. यातही काही डाव असेल का, हे ते शोधत होते. चेहरा थकलेला होता. एवढ्या जवळून तो आपण कधी पाहिला होता, हे त्यांना आठवेना. मोबाइलवर लोखंडेबाईंचा निरोप वाजला: घरानं घेतलं का, घेतलं असेल तर मिरचीला पाणी कोण घालणार. त्यांनी तो तसाच राहू दिला.

ते कोचावरून उठले. शर्ट खाली ओढून सारखा केला. कुठं जायचं हे काही ठरलं नव्हतं, पण पाहुण्यानं या वेळेला उठायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

“निघतो मग,” ते म्हणाले.

“असं कसं?” शालनबाई म्हणाल्या. “जेवल्याशिवाय जायचं नाही.”

“उगाच तुम्हाला त्रास,” खोचरे म्हणाले आणि पुन्हा बसले.