देसांकाचं घसरतं पत्र

धावत्या मालगाडीच्या डब्यांचे नंबर उभ्या उभ्या वाचून वहीत उतरवायचे, हे काम मी एकतीस वर्षं केलं. मोरावा नदीकाठचं आमचं जंक्शन, हिवाळ्यात धुकं असं की माणसाला स्वतःचा हात सापडू नये. त्या धुक्यात मी बेचाळीसच्या बेचाळीस डबे तर टिपायचोच, शिवाय शेवटच्या डब्यातल्या गार्डाने आज दाढी केली आहे की नाही, तेही सांगायचो. तेव्हा एक साधं पत्र मला वाचता येणार नाही, हे मी कुणाच्या बापाकडून ऐकून घेतलं नसतं.

पत्र माझ्या बायकोचं होतं. देसांका दोन वर्षांपूर्वी व्हिएन्नाला गेली, कुण्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तिकडेच आहेत. राहिलेले निम्मे आम्ही, इथे बसून कपड्यांना इस्त्री करायला शिकतोय. जाताना तिने अख्ख्या प्लमच्या मुरांब्याची मोठी बरणी भरून ठेवली, आणि पुढे बसच्या ड्रायव्हरबरोबर एक जुना कॉम्प्युटर पाठवला. "फोनवर तू नुसता हं हं करतोस," म्हणाली, "त्यापेक्षा पत्रं लिहू."

पत्र आलं की एक प्लम, असा माझा नियम. चमचा तोंडात, डोळे पडद्यावर. देसांकाची पत्रं लांबलचक. प्लम चावला नाही तर बरोब्बर एका पत्राला पुरतो.

त्या मंगळवारी पत्र उघडलं. पहिली ओळ दिसली: "राडिसाव, आधी खाली बस, मग वाच." मी बसलेलोच होतो, म्हणून पुढे वाचायला गेलो, तर पत्र निघालं! विहिरीत पोहरा सुटावा तसं सरसर खाली. उजव्या कडेची स्क्रोलची पट्टी तळाला जाऊन बसली आणि शेवटची ओळ समोर आली: "तर असं आहे. उद्या दुपारी बारापर्यंत कळव. तू म्हणशील तसं."

मी पट्टी माउसने धरून वर नेली. सोडली की परत खाली. वर नेली, परत खाली. धरून ठेवावी तर हात जरा बाजूला गेला की तेवढं निमित्त पुरतं.

फोन करून विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. आधीच्याच पत्रात मी तिला कळवलं होतं, की कॉम्प्युटर आता माझ्या हातचा मळ आहे, लोक लांबलांबून सल्ला विचारायला येतात. आता कसा करणार फोन?

शेवटी शेजारच्या ल्युबिंकोला हाक मारली. ल्युबिंको जुना गवंडी. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा ग्लास, मग काम. काळजावर दगड ठेवून एक प्लम त्याला दिला.

चमचा हातात तसाच धरून तो कीबोर्डवर ओणवा झाला. "खाली घसरतंय म्हणजे उतार आहे," म्हणाला. घरी जाऊन पाणसळ घेऊन आला, टेबलावर ठेवली. बुडबुडा खिडकीकडे पळाला.

"बघ. बोटभर उतार. यावर पत्र काय, बैल उभा राहणार नाही."

टेबलाच्या पायाखाली आम्ही विटेचा तुकडा सारला. बुडबुडा मधोमध आला. पत्र मात्र आता दुप्पट वेगाने पळायला लागलं. मघाशी मालगाडी होती, आता एक्सप्रेस झाली.

"उतार जास्त काढला गेला वाटतं," ल्युबिंको म्हणाला.

"तू गप्प बैस. मी धावतंच वाचतो."

मी पट्टी वर न्यायची, सोडायची, आणि दोघांनी जमेल ते टिपायचं. माझ्या हाती लागलं "काळा ड्रेस". ल्युबिंकोने "रिकामी खोली" पकडली. पुढच्या फेरीत "हेर फिशर", म्हणजे तिकडच्या भाषेत फिशरसाहेब. त्याच्या पुढच्या फेरीत मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं: "म्हणाले, राहा."

ल्युबिंकोने चमचा चाटला. "राडिसाव, मला यात पडायचं नाही. पण काळा ड्रेस, रिकामी खोली आणि राहा म्हणणारा फिशर, याची भिंत एकाच पद्धतीने उभी राहते."

"तिच्या गुडघ्यांत वात आहे रे."

"फिशरला कुठे माहीत आहे?"

तो गेल्यावर मी बराच वेळ तिच्या खुर्चीकडे बघत बसलो. मग छाती पुढे काढून उत्तर लिहिलं: "पत्र वाचलं. तू ठरवशील ते योग्यच. इथे मी मजेत आहे." पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला टपालवाली झागोर्का माझी पेन्शन घेऊन आली. तिलाही प्लम द्यावा लागला. तिची नजर टेबलावर गेली.

"राडिसाव काका, तुमच्या कीबोर्डवर मुंग्यांची जत्रा भरलीय."

"असू दे. त्यांना तरी वाचता येत असेल."

तिने खाली जायच्या बाणावर बोट टेकवलं, उचललं. बटण बोटाबरोबर वर आलं, चिकट तार सुटली. बोट चाखून ती म्हणाली, "प्लम. दोन बटणं रुतून बसलीत पाकात. एक जुनं दिसतंय, एक कालचं."

कोमट पाण्याचं फडकं फिरवलं आणि पत्र जागच्या जागी थांबलं. मी वाचलं.

म्हाताऱ्या बाई वारल्या होत्या. काळा ड्रेस त्यांच्या मातीला. खोली त्यांची रिकामी. मुलगा हेर फिशर म्हणाले, राहा, माझ्या मावशीला पुढच्या सप्टेंबरपर्यंत सांभाळा. आणि त्याच्याखाली: "मला आता परत यायचंय, राडिसाव. पण दोन वर्षांत तू एकदाही 'ये' म्हणाला नाहीस. तू नुसतं 'ये' लिही, मी शुक्रवारच्या बसमध्ये बसते. मजेत आहे असं लिहिलंस तर समजेन, आणि राहीन."

झागोर्का टोपी घालून निघून गेली. मी फोन लावला.

"काय रे," देसांका म्हणाली, "मजेत आहेस ना?"

"देसांका, पत्र मी आत्ता वाचलं."

"मग काल काय वाचलंस?"

"पहिली ओळ. आणि शेवटची. मधलं पळत होतं."

तिच्या मागे कुठेतरी ट्रामची घंटा वाजली.

"ये," मी म्हणालो.

"मी बाराला सही केली."

"हं," मी म्हणालो.

"सप्टेंबर काही फार लांब नाही," ती म्हणाली, पण आवाज नाक पुसताना येतो तसा. "आणि आता तुला त्रास नको. यापुढे मी छोटंच लिहीन."

शब्दाची पक्की बाई. तेव्हापासून पत्रं येतात ती दोन ओळींची, फार तर तीन. अख्खं पत्र पडद्यावर मावतं आणि उजव्या कडेला पट्टी उगवतच नाही. स्क्रोल करण्यात आता माझा हात आमच्या जिल्ह्यात कुणी धरणार नाही, आणि स्क्रोल करायला काही नाही. मग मी ते जुनंच पत्र उघडतो, सावकाश वरून खाली नेतो, खालून वर आणतो. मध्ये "मला आता परत यायचंय"पाशी थांबवतो. थांबतं.

गेल्या आठवड्यात अभिमान बाजूला ठेवून तिला लिहिलं: "मशीन दुरुस्त झालं आहे. कितीही लांब लिहिलंस तरी चालेल. मी सगळं वाचीन. लांब लिही."

काल उत्तर आलं. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, उघडलं.

"बरं."