रक्त एक, भाव तीन

आमच्या सोसायटीत कुणाच्या कोपरापाशी कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी दिसली, की रूथताई भालेराव लिफ्टचं दार हाताने धरून ठेवतात. "कैसे हो" नाही, "क्या हुआ" नाही. पहिला प्रश्न, "कितने लिये?" समोरचा बिचारा आकडा सांगतो. मग त्या डोळे मिटून घेतात, मोठा सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "लुट गये आप." हल्ली लोक रक्त तपासायला देऊन येताना ऐन जूनमध्ये पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात.

आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटनंतर आम्ही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरातून गाझियाबादला आलो. वरच्या मजल्यावर एक मराठी बाई एकट्या राहतात, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, असं कळलं. मी खूश! संक्रांतीचे दिवस होते, तिळगूळ घेऊन गेले. रूथताईंनी लाडू तोंडात टाकला आणि माझी थायरॉइडची टेस्ट कितीला होते ते विचारलं.

"रक्त एक, भाव तीन," हे त्यांचं पालुपद. "अगं सुमन, नळी तीच, मशीन तेच. नुसती गेलीस तर साडेपाचशे. भाव करून गेलीस तर तीनशे. आणि हॉस्पिटलात विम्याचं कार्ड दाखवलंस, की तेच रक्त नऊशेचं! कार्ड पर्समध्ये ठेवायचं. आधी भाव, मग कार्ड."

खरं सांगते, मी ह्या बाईवर जळायचे. आमचे हे आयुष्यभर सरकारी फायली बघून आलेले. घरात मला कोथिंबिरीचा भाव विचारत नाहीत. पण कुणा डॉक्टरने चिठ्ठीवर दोन टेस्ट लिहिल्या, की फाइल काखोटीला मारून वरच्या मजल्यावर. दहा मिनिटांचं काम, येणार तासाने, आणि हसत येणार. "काय बाई आहे! विमा कंपनीवाल्याला फोनवर असा धुतला, यार!" माझ्याशी कधी "यार" म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत असायचे. त्या दिवशी भेंडी फार बारीक व्हायची.

तर झालं असं, की डॉक्टरने मलाही शुगर आणि आणखी काहीबाही तपासायला सांगितलं. मी ठरवलं, रूथताईंना विचारायचं नाही. एकदा तरी आपण त्यांच्यापेक्षा स्वस्तात करून दाखवायचं. आणि ह्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं, "वा सुमन, कमाल केलीस."

पेपरात एका लॅबचा गुलाबी कागद आला होता. बहात्तर टेस्ट, नऊशे नव्याण्णवमध्ये. बहात्तर! मी हिशेब केला, एक टेस्ट चौदा रुपयांना पडते. रूथताईंच्या सात पिढ्यांना असा भाव मिळाला नसता. फोन लावला. तिकडून एक मुलगी म्हणाली, "आंटी जी, फास्टिंग में आना है."

"बिल्कुल," मी म्हटलं. "कल तो वैसे भी हमारा फास्ट है. चतुर्थी."

दुसऱ्या दिवशी उपास अगदी कडक केला. सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, अर्धं केळं, बाकी पाण्याचा थेंब नाही. अकराला रक्त देऊन आले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. शुगरचा आकडा लाल रंगात. तो बघून हे पांढरे पडले. "वा सुमन" तर राहिलंच, चपला न घालता वर धावले आणि रूथताईंना घेऊन आले.

त्यांनी चष्मा लावला. "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"काही नाही. उपास होता माझा."

"उपासाचं काय खाल्लं होतंस?"

मी पदराशी चाळा करायला लागले. "साबुदाणा."

त्या दाराची चौकट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे सोफ्यावर पडून हसत होते. मग रूथताईंनी यादीवर बोट फिरवलं. "ह्या बहात्तरातल्या तुला लागत होत्या तीन. तिन्ही मिळून साडेतीनशे. बाकी एकोणसत्तर कुणासाठी केल्यास? ह्यांच्यासाठी?" हे पुन्हा हसले. मला वाटलं, जमीन फाटावी आणि त्या दोघांना पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, ह्या वेळी खरोखर रिकाम्या पोटी, रूथताईंच्या नेहमीच्या लॅबमध्ये. हे बाहेर गाडी लावायला जागा शोधत होते. काउंटरवर रूथताईंनी पन्नास रुपये आणखी कमी करून घेतले. बाकावर बसलो. माझ्या पोटात कावळे, आणि वर हा अपमान. मी मुद्दाम टोचून विचारलं, "एवढी विद्या शिकलात कुठे, रूथताई? मिस्टर ह्याच लाइनमध्ये होते का?"

"नाही गं. ते पोस्टात होते." त्या पावतीची घडी घालत राहिल्या. "अकरा दिवस आयसीयूत होते. मला आत सोडायचे नाहीत. दिवसातून एकदा काचेतून दाखवायचे. डॉक्टरला विचारलं की एकच शब्द, 'स्टेबल'. पण संध्याकाळी बिल मात्र हातात द्यायचे, न चुकता. तेच मी वाचायची. शुगर दोनदा म्हणजे ठीक. पोटॅशियम चारदा काढलंय म्हणजे रात्र वाईट गेली. तेवढीच बातमी मिळायची त्यांची."

त्यांनी पावतीची घडी पर्समध्ये ठेवली.

"पुढे विमा कंपनीने लिहिलं, इतक्या टेस्टची गरज नव्हती. गरज नव्हती! एकेक टेस्टसाठी भांडले मी त्यांच्याशी, दोन वर्षं."

"आणि मिस्टरांचं काय झालं?" मी उगाच विचारलं.

"काय होणार. शेवटच्या दिवशी बिलात एकही टेस्ट नव्हती. मला वाटलं, बरे झाले. खाली जाऊन गाडीवर छोले-कुलचे खाल्ले. पोटभर."

तेवढ्यात आतून आवाज आला, "सुमन जी कौन हैं?" मी उठले, आणि रूथताईंचा हात धरून त्यांनाही उठवलं.

दारातली बाई म्हणाली, "आंटी, अंदर सिर्फ पेशंट."

"ये भी आएँगी," मी म्हटलं.

"आंटी, रूल है."

"तो फिर मेरा खून भी नहीं मिलेगा," मी म्हटलं, आणि त्यांचा हात न सोडता दारातच उभी राहिले.