माहुलीचे मासे आणि आप्पासोंचा गूळ

"ज्यानं उभ्या जिल्ह्याचे कालवे वळवले, त्याला काचेच्या पेटीतलं पाणी दाद देणार नाही होय?" चिंतामणराव म्हणाले.

खरं तर त्यांनी कालव्याच्या काठावर छत्री धरून मोजमापं घेतली होती. पण पेन्शनीत निघालेला ओव्हरसियर थोडा फुगतोच. गोदावरीबाईंनी नवऱ्याच्या या बोलण्याकडे कान न देण्याची सवय लावून घेतली होती.

या वेळी मात्र कान देणं भाग होतं. बिऱ्हाड होतं सांगलीत, आप्पासो या गुळाच्या व्यापाऱ्याच्या माडीवर, आणि माडीखाली गुळाची वखार. जागा देतानाच आप्पासोंनी बजावलं होतं, "वरनं गुळावर पान्याचा थेंब पडला, तर त्याच दिशी माडी रिकामी करायची. आमी दुसऱ्यांदा सांगत न्हाई!" लढाईच्या त्या दिवसांत जागा मिळणं मुश्किल. लोणंदपासून विट्यापर्यंत बदल्यांपायी ट्रंका वाहून गोदावरीबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. ही माडी गेली तर आपण भर रस्त्यात रडू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा चिंतामणरावांनी काय करावं? माडीवरच मासे पाळले! लोखंडी चौकट, चार काचा, लांबीचा लगदा भरून सांधे बंद. मासे साताऱ्याहून आणले, माहुलीच्या संगमातले. वर पाण्याचं पिंप, त्याच्या तोटीतून पेटीत अखंड धार, आणि जादा झालेलं पाणी नळीवाटे थेट मोरीत.

"पाणी सदा ताजं! शास्त्र आहे हे!" चिंतामणराव म्हणाले.

शास्त्राशी गल्लीतल्या बायकांना कर्तव्य नव्हतं. माहुलीचे मासे म्हणजे तीर्थाचे मासे, आणि त्यांना कणकेच्या गोळ्या घातल्या की पुण्य लागतं, एवढं त्यांना पुरे होतं. त्यातून रेशनचा गहू असा, की त्याची पोळी माणसाच्या नरड्याखाली उतरत नसे. मग ती कणीक धर्मकार्याला लावलेली काय वाईट? चिंतामणराव दुपारी घोरू लागले, की ताटल्या घेऊन बायका जिना चढत. सगळ्यांच्या पुढे आप्पासोंची आई, अंबूबाई. घाटाच्या पायऱ्या उतरताना दुखणारे तिचे गुडघे माडीचा जिना चढताना मुळीच कुरकुरत नसत. आता मालकाच्या आईला नको कोण म्हणणार?

मासे तरी किती खातील? उरलेली कणीक नळीत जाऊन बसली, आणि एका दुपारी पेटी काठोकाठ भरली.

"अहो, आधी ती तोटी बंद करा!" गोदावरीबाई ओरडल्या.

"तोटी बंद केली तर दोष सापडायचा कसा? नळीत हवा अडकलीय. पाण्याचा जोर वाढवला की निघेल!"

आणि त्यांनी तोटी पुरती सोडली!

हवा काही निघाली नाही. पाणी मात्र निघालं, चारी बाजूंनी! चिंतामणरावांनी नळीत वेताची काडी घातली. ती आतच मोडली. मग पेटीखाली विटा सारल्या, तर पेटी कलंडून मोरीऐवजी दिवाणखान्यात रिकामी होऊ लागली. गोदावरीबाईंनी लुगडी, सतरंजी, नवऱ्याचा कोट, हाताला लागेल ते जमिनीवर टाकलं. फळ्यांच्या फटींतून पाणी खाली जाताना त्यांना दिसत होतं.

शेवटी गोदावरीबाईंनीच तोटी बंद केली. चिंतामणराव मोरीत पालथे पडून नळीचं टोक तोंडात धरून ओढत होते. गाल बसले, डोळे बाहेर आले, आणि भस्सकन एक गोळा सुटून थेट त्यांच्या तोंडात!

तेवढ्यात धोतराला चिकट ओघळ लागलेले आप्पासो जिन्यात उभे.

"आवं सायेब! ढेपांची काकवी झाली की वो! आजच्या आज माडी रिकामी करा!"

चिंतामणरावांनी पुरावा दाखवायला तोंड उघडलं. आत कणीक. आप्पासोंच्या मागून ताटली घेऊन अंबूबाई वर येत होती. तिनं ते पाहिलं आणि ती थिजलीच.

"अगं बया! माशांचा घास खाल्ला व्हय तुमी? आवं, येवढी भूक लागली हुती, तर मला सांगायचं! भाकरी दिली नसती व्हय?"

"अहो, मी खात नव्हतो! नळी..."

"गप ऱ्हावा! आधी गिळा त्ये!"

चिंतामणरावांनी घाबरून गिळलं. पुरावा गेला.

"चला, निघा," आप्पासो म्हणाले. चिंतामणराव अपमानानं लाल झाले आणि पेटी उचलू लागले. गोदावरीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पेटीला हात लावायचा न्हाई!" अंबूबाई कडाडली. "तीर्थाचं मासं घरातनं घालवून नरकात जाऊ व्हय मी? आप्पा, मासं हितंच ऱ्हात्याल!"

आईपुढं आप्पासोंचं काय चालणार? त्यांनी डोकं खाजवलं आणि निवाडा केला. वखार समोरच्या पडवीत न्यायची. माडी माशांना. सायबांनी बिऱ्हाड गोठ्याशेजारच्या खोलीत हलवायचं.

जागा अगदीच गेली नाही म्हणून गोदावरीबाईंना इतकं बरं वाटलं, की त्या तिथंच ओल्या सतरंजीवर बसून हसू लागल्या. चिंतामणराव ट्रंक घेऊन जिना उतरले, तर वरून आप्पासोंची हाक आली.

"सायेब! रोज सकाळी वर येऊन नळी साफ करून जावा. पर आई बसंल हितं राखणीला. कणकंला तोंड लावायचं न्हाई!"