उजवीकडे थोडं कमी करा

माणूस मी चेहऱ्यावरून ओळखत नाही, मानेवरून ओळखतो! तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा. शेवटची कटिंग कुठे केलीत, ती करताना कारागिराचं लक्ष कुठे होतं आणि घरी गेल्यावर बायको काय म्हणाली, सगळं सांगेन. आरशासमोर उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं तरी यायलाच हवं. म्हणूनच ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या एका कंपनीने ‘घरच्या घरी केस कापायला शिका’ या वर्गासाठी मला विचारलं, तेव्हा मी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. शिवाय तिथे सगळे मला ‘सर’ म्हणणार होते. सलूनमध्ये मला आजवर ‘अहो, किती वेळ लागेल?’ याखेरीज कुणी काही म्हटलेलं नाही.

वर्ग उत्तम चालला होता, असं माझं मत. कंपनीच्या मॅडमचं मत वेगळं निघालं. एक दिवस त्यांचा फोन आला.

“सर, विद्यार्थी वर्ग सोडून चाललेत.”

“का बुवा?”

“तुमच्या अभिप्रायांमुळे. परवा एका गृहस्थांनी मुलाचे केस कापून फोटो पाठवला. सोबत काय जमलं, काय अडलं, हे पानभर लिहिलं. तुम्ही उत्तर काय दिलंत? ‘हं.’”

“मग? बरी होती कटिंग.”

“सर, ‘हं’ म्हणजे काय?”

“हं म्हणजे हं!”

मॅडमनी एक खोल श्वास घेतला. मग त्यांनी मला अर्थपूर्ण अभिप्राय म्हणजे काय ते समजावलं. आधी मनापासून कौतुक करायचं, मग नेमकी सूचना द्यायची, मग पुन्हा धीर द्यायचा. आणि हे सगळं वेळेवर, विद्यार्थ्याचा उत्साह ओसरायच्या आत. शेवटी आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, “या तुकडीतले विद्यार्थी तुमच्याबद्दल काय लिहितात ते बघू. नाहीतर पुढचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल. तुमच्याच रस्त्यावर एक जण आहेत ना? तुमच्या समोरच?”

समोरचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या रस्त्याच्या पलीकडे बरोबर माझ्या दारासमोर त्याचं सलून आहे. दिवसभर आम्ही आपापल्या दारात उभे राहून एकमेकांकडे बघत असतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक शिरलं की माझ्या पोटात दुखतं, माझ्याकडे शिरलं की तो उगाच काच पुसायला लागतो. वर्ग गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्याला कुणी ‘सर’ म्हणायचं आणि मी इकडून ऐकायचं? शक्यच नाही!

त्याच दिवसापासून मी अर्थपूर्ण व्हायला लागलो. सराव म्हणून घरापासूनच सुरुवात केली.

“चहाचा रंग फार आश्वासक आहे,” मी बायकोला म्हटलं. “पुढच्या वेळी साखरेकडे थोडं लक्ष दिलंस तर तुझी प्रगती निश्चित आहे. हिंमत हरू नकोस.”

बायकोने माझ्यासमोरचा कप उचलला आणि स्वतः पिऊन टाकला.

पण वर्गात मात्र जादू झाली. विद्यार्थी खूश! त्यातही ‘शिकाऊ कात्री’ असं टोपणनाव घेऊन नव्याने आलेली एक बाई फारच मन लावून शिकत होती. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, “सर, आमचे हे डोकं द्यायला तयार झाले आहेत. सांभाळून घ्या.” सोबत फोटो. वर्गाचा नियम असा, की चेहरा दाखवायचा नाही, फक्त मागची बाजू. भरघोस केस, जाडसर मान. ही मान काही माझ्या हाताखालून गेलेली नव्हती. पण माझं लक्ष वेधलं ते ‘ह्यां’च्या अंगावर पांघरलेल्या कापडाने. त्यावर मागेपुढे, जागोजागी ठळक दोऱ्याने काहीतरी भरलेलं होतं, आणि ती लिपी मी जन्मात पाहिली नव्हती!

“अगं, ऐकलंस का! माझी एक विद्यार्थिनी परदेशातली आहे!”

बायकोने फोटो पाहिला. “परदेशातली? मग आपल्या भाषेत कशी लिहिते?”

“शिकली असेल. माझा वर्ग करायचा म्हणून शिकली असेल.”

“आणि ‘आमचे हे’ म्हणायलाही शिकली?”

बायकोला माझी कीर्ती सीमेपलीकडे गेलेली बघवत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि अभिप्राय लिहायला बसलो. “ताई, तुमच्या कामात सफाई आहे. मान स्वच्छ आहे, कान जागच्या जागी आहेत. फक्त उजवी बाजू किंचित लांब वाटते. उजवीकडे थोडं कमी करा. तुमच्या हातात कला आहे!”

दुपारी दुसरा फोटो आला. उजवी बाजू अजूनच लांब! केस कापल्यावर वाढतात, हे माझ्या धंद्याला धरून आहे, पण जेवण होईस्तोवर वाढत नाहीत. मी चिडलो, मग मॅडम आठवल्या. “ताई, आपला उत्साह वाखाणण्याजोगा आहे. पण बहुधा चुकून दुसऱ्या बाजूला कात्री लागली. उजवीकडे कमी करा, उजवीकडे! पुढच्या फोटोची आतुरतेने वाट बघतो आहे.”

तिसऱ्या फोटोत डोक्याची डावी बाजू कापणी झालेल्या शेतासारखी दिसत होती आणि उजवीकडे पीक उभं होतं.

सोबत तिने भीत भीत लिहिलं होतं, “सर, उजवीकडेच ना? मला आपलं वाटतं, डावीकडचे जास्त आहेत.”

आता गुरूने डगमगायचं कसं? मी लिहिलं, “ताई, उजव्या-डाव्याचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो, त्यात लाज कसली! ज्या हाताने आपण लिहितो तो उजवा. स्वतःवर विश्वास ठेवा. त्याहून जास्त माझ्यावर ठेवा.”

“सर, मी डावखुरी आहे.”

“मग ज्या हाताने लिहीत नाही तो!”

निबंध चुकला तर खोडून पुन्हा लिहिता येतो, गणित चुकलं तर पुन्हा मांडता येतं. केसांचं तसं नाही, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. माझ्या प्रत्येक अर्थपूर्ण अभिप्रायासरशी त्या बिचाऱ्या माणसाचं डोकं कमी कमी होत होतं. कौतुक करायला जागा शोधताना माझ्या नाकी नऊ आले. “कानांना अजिबात इजा झालेली नाही, ही मोठीच जमेची बाजू,” असं मी एकदा लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिलं, “टाळूचा रंग निरोगी आहे.” त्यावर तिचं उत्तर आलं, “आमचे हे विचारतात, सरांना हे नक्की येतं ना?”

मला भलताच राग आला. ह्यांना काय कळतं यातलं!

या सगळ्यात एकच गोष्ट मनाला गारवा देणारी होती. समोरच्याने टोपी घालायला सुरुवात केली होती! चांगली कानापर्यंत ओढलेली लोकरी टोपी, तीही भर उन्हाळ्यात. गिऱ्हाइकं त्याच्या दारापर्यंत जायची, टोपी बघून थबकायची आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे यायची.

“बघ, बघ,” मी बायकोला म्हटलं, “केस कापणाऱ्यानेच डोकं झाकलं! आता हा कसला सर होतो!”

“आजारी असेल हो,” ती म्हणाली. तिला कुणाचीही दया येते, माझी सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलूनमध्ये बायको आणि मी दोघंच होतो. दार ढकलून समोरचा आत आला. काखेत एक गुंडाळी, मागे त्याची बायको, तिच्या हातात मोबाईल. इतक्या वर्षांत तो माझ्या दारात कधी चढला नव्हता. त्याने काखेतलं कापड झटकून स्वतःच अंगावर घेतलं, माझ्या खुर्चीत बसला आणि टोपी काढली.

त्याची मान माझ्यासमोर होती. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला सारवलेलं अंगण. आणि या खेपेला मी मानेवरून माणूस ओळखला!

“शिकाऊ कात्री!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी नव्हे,” तो दात ओठ खात म्हणाला. “ही. मी नुसतं डोकं.”

मी समोर आरशात पाहिलं. आरशात, त्याच्या छातीवर, तीच परदेशी लिपी! खाली खुर्चीत बघितलं तर कापडावर चक्क त्याच्या सलूनचं नाव, आपल्या सरळ साध्या अक्षरांत. वर आरशात उलटं, खाली सुलटं.

“वहिनी,” मी विचारलं, “तुम्ही फोटो कसा काढता?”

“मोबाईल स्टँडला लावून, पुढच्या कॅमेऱ्याने. म्हणजे पडद्यावर बघत बघत काढता येतो.”

पुढचा कॅमेरा! आरशासारखं उलटं दाखवणारा! मी ज्याला उजवं म्हणत होतो ते डावं होतं, आणि ती बाई बिचारी माझ्या शब्दाखातर आखूड बाजूच अजून आखूड करत राहिली होती. आरशासमोर आयुष्य काढलेल्या माणसाला आरसा ओळखू आला नाही! खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी म्हणत होते ना सर, डावीकडे,” ती हळूच म्हणाली.

आता समोरचा तोंड उघडणार, मॅडमना फोन करणार आणि माझं सरपण संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात माझ्या बायकोने अगदी भाबडेपणाने विचारलं, “पण काय हो भाऊजी, तुम्ही स्वतः एवढे उस्ताद. वहिनींना शिकायला इकडे कशाला पाठवलंत?”

समोरच्याने हातातली टोपी चुरगळली. त्याची बायकोच म्हणाली, “कंपनीवाल्या मॅडमनी ह्यांना विचारलं होतं, पुढचा वर्ग घ्याल का म्हणून. हे म्हणाले, आधी तो काय शिकवतो ते बघून ये.”

“हळू बोल ना!” समोरचा खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसला.

म्हणजे हेरगिरी! आणि तीही स्वतःचं डोकं गहाण टाकून! मला एकदम हायसं वाटलं. त्याने तोंड उघडलं तर त्याचीही शोभा होणार होती, आणि मी उघडलं तर माझीही. आम्ही आरशातून एकमेकांकडे बघितलं. एवढा एकोपा आमच्यात याआधी कधी झाला नव्हता.

“सगळंच काढावं लागेल,” मी म्हटलं.

“काढा.”

मी मशीन लावलं. पाच मिनिटांत डोकं दोन्ही बाजूंनी समान झालं. उजवं-डावं हा प्रश्नच मिटला. त्याच्या बायकोने शेवटचा फोटो काढला, या वेळी मागच्या कॅमेऱ्याने.

समोरच्याने मॅडमना ‘मला सवड नाही’ असं कळवून टाकलं. पण माझ्या जिवाला घोर होताच, कारण विद्यार्थ्यांची मतं यायची होती. त्याचं तोंड बंद झालं तरी त्याच्या बायकोला लिहायला कोण अडवणार? आणि ती खोटं लिहिणारी बाई वाटत नव्हती. आठवडाभर फोन वाजला की मी दचकत होतो. एका गिऱ्हाइकाच्या कल्ल्यालाही त्यापायी धक्का लागला.

शेवटी मॅडमचा फोन आला. आवाज जड होता. मी खुर्चीत बसूनच घेतलं.

“सर, इतकी वर्षं मी हे काम करते,” त्या म्हणाल्या, “पण शिक्षकाबद्दल विद्यार्थिनीने असं लिहिलेलं मी वाचलं नाही. शिकाऊ कात्री म्हणून एक ताई आहेत. ऐका हं. ‘सरांनी माझ्या कामाकडे इतकं बारीक लक्ष दिलं आणि इतक्या सूचना केल्या, की शेवटी सुधारण्यासारखं काही उरलंच नाही.’”

मी डोळे मिटले.

“सर, पुढचाच काय, त्याच्या पुढचाही वर्ग तुमचाच! आणि हे वाक्य आम्ही जाहिरातीत वापरलं तर चालेल ना?”

“वापरा की,” मी म्हटलं. “फक्त सोबत फोटो छापू नका.”