प्लुवेनेकच्या वहीतली सही

१९०८ सालची आमची फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली सायकल शर्यत मी जिंकलो होतो! कॅफेत हे सांगितलं की आजही लोक हसतात. हसू द्या.

काय दिवस होते! जादा टायर खांद्यावर आडवे गुंडाळायचे, पंक्चर स्वतःच काढायचं आणि वाटेतल्या ठरलेल्या गावांत उतरून वहीत सही करायची. सही नाही तर शर्यत बाद! सायकल कारखान्याचे मालक लव्हिन्यसाहेब म्हणाले होते, "एव्हारिस्त, ही जिंक, की तू आमचा पगारी शर्यतपटू!" हरलो तर सासऱ्यांची बेकरी होतीच.

प्लुवेनेक गावात मी सगळ्यांच्या चार मिनिटं पुढे होतो. अंगावर चिखल, चष्म्यावर चिखल. वही दरवर्षी नगरपालिकेत असायची. घुसलो आत! पांढऱ्या कापडाचं टेबल, फुलं, वाजंत्री, खांद्यावरून मानाचा पट्टा घेतलेले मेयर, उघडी वही. सगळं जागच्या जागी!

"सही कुठे?" मी ओरडलो.

"इथे, इथे! कधीची वाट बघतोय तुमची!" मेयर म्हणाले.

मी सही ठोकली. एका पोरीनं दोन्ही गालांचे मुके घेतले, वाइनचा पेला दिला. हेही नेहमीचंच! झगा मात्र जरा जास्तच पांढरा वाटला. त्यावर माझे दोन्ही पंजे उमटले.

"कोणाकडचे हो तुम्ही?" एका म्हातारीनं विचारलं.

"लव्हिन्यसाहेबांकडचा!" म्हणत मी सायकलवर उडी मारली.

शेवटच्या रेषेवर मीच पहिला! लव्हिन्यसाहेबांनी चिखलासकट मिठी मारली. तेवढ्यात पंच आले.

"प्लुवेनेकची सही?"

"केली की! नगरपालिकेत!"

"अहो, तिथे आज लग्न होतं! वही समोरच्या कॅफेत ठेवली होती!"

म्हणजे मी सही ठोकली ती लग्नाच्या नोंदवहीत, साक्षीदाराच्या जागी! खरा साक्षीदार होता नवरदेवाचा एक मित्र. तो शर्यत बघत वाटेतच थांबला होता, आणि चिखलाखाली तोच असणार असं सगळ्यांनी धरलं! माझी पगारी कारकीर्द बारा मिनिटं टिकली. बेकरीत पीठ मळताना मी खूप रडलो. त्या रस्त्यांची धूळ आठवली की अजून पोटऱ्या शिवशिवतात.

परवा मुद्दाम प्लुवेनेकला जाऊन ती लग्नाची वही काढायला लावली. साक्षीदाराच्या सहीपुढे त्याचा व्यवसाय लिहिलेला असतो. म्हटलं, निदान इथे तरी 'शर्यतपटू' म्हणून नोंद असेल!

कारकुनानं तो रकाना त्या मित्रासाठी आधीच भरून ठेवला होता. माझ्या झोकदार सहीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'डुकरांचे व्यापारी'.